जुन्या जीपचा मागचा ॲक्सल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडील सीजे-3बी जीपच्या मागच्या ॲक्सलचे हौसिंग (बाहेरचे कवच) वाकल्यामुळे मी भंगार बाजारातून त्याच जातीचा, म्हणजे डाना 44 या मॉडेलचा, जुना ॲक्सल घेतला. पहिल्या महिन्यातच अनुभव लिहिला असता तर मी त्याचे कौतुकच केले असते, कारण बेअरिंगचा आवाज नव्हता, तेलगळती नव्हती आणि डांबरी रस्त्यावर इंजिनही पूर्वीपेक्षा शांत चालत होते. डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरांच्या) झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची एक पट्टी होती आणि तिच्यावर 43 व 8 हे दातांचे आकडे स्पष्ट होते. क्राउन या मोठ्या दातेरी चक्राचे 43 दात भागिले त्याला फिरवणाऱ्या पिनियन या छोट्या चक्राचे 8 म्हणजे 5.38 हे गुणोत्तर, आणि पुढच्या ॲक्सलचेही तेच, म्हणून मी निश्चिंत झालो.

दुसऱ्या महिन्यापासून मात्र मीटरप्रमाणे काढलेली सरासरी घटू लागली. पेट्रोलचा हिशेब मी वहीत ठेवतो, त्यामुळे ही घट नजरेतून सुटणे शक्य नव्हते. मी कार्ब्युरेटर साफ करून घेतला, ब्रेक जाम होतात का ते पाहिले आणि मनातल्या मनात नव्या ॲक्सलच्या बेअरिंगला दोष दिला. मीटरचा काटा 50 वर असताना मोबाइल 55 चा वेग दाखवत होता, हेही पाहिले होते. पण तो दोष मी मोबाइलचा मानला!

उलगडा पावसाळ्यात झाला. शेतातल्या चिखलात चारही चाके जोडून गाडी उत्तम निघाली, परंतु डांबरावर आल्यावर ती जागच्या जागी आखडू लागली आणि फोर-व्हीलचा दांडा काही केल्या निघेना. शेवटी पुढचे एक चाक जॅकने उचलले तेव्हा ते झटक्यासरशी फिरले आणि दांडा सुटला.

मग मी मोजणी केली. मागचे एकच चाक उचलले, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला आणि बाकीच्या चाकांना दगड लावले. या जीपचा हॅन्डब्रेक ॲक्सलपर्यंत शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो, त्यामुळे शाफ्ट फिरण्यासाठी तो सोडावाच लागतो; शिवाय मागचे एक चाक हवेत असताना तो गाडी धरूही शकत नाही, म्हणून दगडांत कंजुषी करू नये. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राउनची एकच फेरी होते, आणि हे विसरणारा माणूस निम्मे उत्तर काढून बसतो. शाफ्टवर खडूची रेघ ओढून मी चाकाच्या 20 फेऱ्या दिल्या, तेव्हा शाफ्टच्या जवळजवळ पावणेएकोणपन्नास फेऱ्या भरल्या. टू-व्हीलमध्ये पुढच्या चाकाची तशीच मोजणी केली, तर पावणेचौपन्न.

झाकण उघडल्यावर क्राउनच्या कडेला 39 व 8 हे आकडे सापडले, म्हणजे 4.88. कोणीतरी कधीतरी क्राउन-पिनियन बदलले होते आणि पट्टी मात्र जुनीच पुन्हा बोल्टखाली बसवली होती. शाफ्टच्या तेवढ्याच फेऱ्यांत पुढची चाके मागच्यांपेक्षा सुमारे नऊ टक्के कमी फिरत होती. चिखलात घसरून तो फरक भागतो, डांबरावर भागत नाही. मीटरची तारही ट्रान्सफर केसमधूनच (पुढच्या-मागच्या ॲक्सलला शक्ती वाटणाऱ्या पेटीतून, म्हणजे ॲक्सलच्या आधीच) निघत असल्याने खऱ्या शंभर किलोमीटरला मीटर जेमतेम 91 दाखवत होता. पेट्रोल वाढलेलेच नव्हते, आणि बेअरिंगवर मी घेतलेला संशय सर्वस्वी अन्यायाचा होता, हे मान्य करणे भाग आहे.

सुदैवाने जुने क्राउन-पिनियन मी माळ्यावर ठेवले होते. ते भंगारात देण्याचा घरच्यांचा आग्रह मी दोनदा मोडला होता. डाना 44 मध्ये 3.92 आणि त्यापुढील गुणोत्तरांना एकाच मापाचा कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) चालतो, त्यामुळे केवळ शिम (पातळ चकत्या) लावून दातांची जुळणी करणे, नवे पॅकिंग आणि 90 नंबरचे तेल एवढ्यावर काम झाले. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. पट्टीवर 43 लिहिलेच आहे, हे त्याचे म्हणणे. इंजिन आता पुन्हा पूर्वीसारखे गुरगुरते आणि महामार्गावर त्या 4.88 ची मला खरोखर आठवण येते, पण दांडा एका बोटाने निघतो.