कोल्हापुरात राहून कोल्हापुरातल्याच खोल्यांसाठी २३,३९९ रुपये घालवले

आकडा आधीच सांगतो, म्हणजे कुणी आडून आडून विचारायला नको. २३,३९९ रुपये. आधी ९,२००, मग ५,०००, मग ९,१९९. गेले कशात, तर अंबाबाईच्या देवळाजवळच्या एका यात्री निवासातल्या खोल्यांसाठी. आणि मी राहतो कळंब्यात. गाडीवरून पंधरा मिनिटं. ‘मग स्वतः जाऊन का नाही आलास?’ हे आता तुम्ही विचारू नका. सत्तावीस माणसांनी सत्तावीस चालींत विचारून झालंय.

सत्तावीस कशी झाली ते ऐका, कारण सगळं तिथंच बिघडलं. थोरल्या भावाच्या मुलाचं लग्न एप्रिलअखेर डोंबिवलीत झालं. आमचं कुलदैवत जोतिबा. नव्या जोडप्याला अंबाबाई आणि जोतिबा करून आणायचं, जमलं तर पन्हाळा, नृसिंहवाडी. पहिल्या यादीत नऊ जण होते. मग आत्या म्हणाली, ‘मला काय आता मेल्यावर नेणार?’ आत्या आली म्हणजे तिच्या दोन्ही सुना आल्या, नातवंडं आली. बेळगावच्या आक्काला कळलं, ती रुसली, ती आली. सोलापूरचे मावसभाऊ ‘आम्ही आपले एसटीनं येतो, आमचं काही नको’ म्हणत सहा जण आले. व्याह्यांना न बोलावणं बरं दिसत नाही म्हणून त्यांना बोलावलं, त्यांनी सोबत शेजारचे जोशीकाका-काकू आणले. का आणले, हे आजही कुणाला ठाऊक नाही. माणूस चांगला आहे, सबंध प्रवासात बिचाऱ्यानंच मला दोष दिला नाही.

कोल्हापुरात मी एकटाच, म्हणून राहायची सोय माझ्याकडं. ग्रुपवर दर तासाला ‘रूम झाल्या का?’ आणि प्रत्येकाची अट. आत्याचा गुडघा, तिला तळमजला. तात्यांना कमोडच हवा. व्याह्यांना एसी. नव्या जोडप्याला वेगळी खोली, पण लांब नको, आणि जवळही नको. लहान मुलंवाल्यांना जिन्याजवळ नको. माझी तेव्हा गोकुळ शिरगावला सेकंड शिफ्ट. मे महिना, शनिवार-रविवार. दोन-तीन ठिकाणी फोन केले, तर ‘आठ खोल्या? आता?’ म्हणून हसले.

मग नकाशावर ते यात्री निवास दिसलं. नाव ओळखीचं, लहानपणापासून बोर्ड बघतोय. फोटो त्याचेच, खाली अभिप्राय, आणि एक मोबाईल नंबर. लावला. पहिल्या रिंगला उचलला. खरं तर तिथंच शंका यायला हवी होती. मे महिन्यात महाद्वार रोडच्या आसपास कुणी पहिल्या रिंगला फोन उचलतं काय?

माणूस हिंदीत बोलत होता, पण इतका अदबीनं की काय सांगू. मी सगळ्या अटी वाचून दाखवल्या. गुडघा, कमोड, एसी, जवळ पण जवळ नको. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. ‘जी, माताजी को ग्राउंड फ्लोअर, लिख लिया.’ त्या आठवड्यात माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकच माणूस होता. घरच्यांना हे सांगितलं तर राग येतो, पण आहे ते आहे.

आणि मग ते वाक्य. रात्री झोप मोडते ती या वाक्यानं. मी सहज विचारलं, जोतिबाला जायला गाडी तुमच्याकडनं मिळेल का? तर म्हणाला, ‘गाडी की जरूरत नहीं साब, जोतिबा तो बगल में ही है, पैदल पाँच मिनट.’

पाच मिनिटं! वाडी रत्नागिरीचा डोंगर, शहरापासून अठरा-वीस किलोमीटर, वर घाट. कोल्हापुरातलं शेंबडं पोरसुद्धा हसलं असतं. मी हसलोही. पण मनात काय आलं? की पोरगं बाहेरचं दिसतंय, नवीन लागलं असेल, त्याला देवळाजवळचा बिनखांबी गणपती आणि जोतिबा सारखेच. कारण हॉटेलांत हल्ली निम्मी पोरं परराज्यातलीच असतात आणि त्यांना रस्ते माहीत नसतात, हेही खरंच आहे. त्याच वेळी मशीनवरचा पोरगा हाका मारत होता, ग्रुपवर आत्याच्या सुनेनं ‘भाऊजी, झालं का?’ टाकलं होतं. शहाणपण सुचायला माणसाला दोन मिनिटं निवांत लागतात. ती मला कुणी दिली?

दरही फार स्वस्त नव्हता, हे ध्यानात घ्या. खोलीला १,१५०, आठ खोल्या, दोन रात्री, एकूण १८,४००, निम्मे आगाऊ. स्वस्त म्हणून भुललो असं म्हणायचीही सोय ठेवली नाही त्यांनी. ९,२०० पाठवताना स्क्रीनवर यात्री निवासाचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं नाव होतं. विचारलं, तर ‘मॅनेजर साब का खाता है.’ पैसे पाठवायच्या आधी वर जे नाव येतं ते वाचा. संस्थेच्या नावानं खोली आणि माणसाच्या नावानं खातं असलं की तिथंच थांबा.

दहा मिनिटांनी परत फोन. जास्त खोल्या असल्यानं ५,००० डिपॉझिट, आल्या आल्या परत. दिले. पावती मात्र येईना. मी आवाज चढवला, बुकिंग रद्द करा आणि १४,२०० परत द्या म्हटलं. तो लगेच तयार! ‘साब, नाराज मत होइए, रिफंड करवा देता हूँ.’ क्यूआर पाठवला. म्हणाला, रकमेच्या जागी ९१९९ टाका, तो रिफंडचा कोड आहे, मग पिन टाका. टाकला. रक्कम आली नाही, गेली. पैसे यायला पिन लागत नाही, हे टीव्हीवर, बँकेच्या मेसेजमध्ये, पोराच्या शाळेच्या नोटिशीत वाचलेलं माणूस त्या क्षणी विसरतो. रागात असलेला माणूस तर नक्कीच विसरतो, आणि त्यांनी मला आधी राग आणला तो त्याचसाठी, असं आता वाटतं.

गंमत पुढंच आहे. पैसे परत आले नाहीत, पण लगेच एक पावती आली. आठ खोल्या, शिक्का, अंबाबाईचा फोटो. आणि त्याचा निरोप, ‘सिस्टम में कन्फर्म हो गया, पैसा रूम में ऍडजस्ट.’ मी ती धरून बसलो. बायको म्हणाली, एकदा जाऊन बघून या. मी म्हटलं, शिफ्ट आहे. खरं म्हणजे जाऊन खात्री करायची भीती वाटत होती.

शनिवारी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं डोंबिवलीची वरात उतरली. सोलापूरचे आधीच स्टँडवर. बॅगा मोजल्या तर माणसांपेक्षा जास्त, त्यात आत्याचा तांब्याचा कलश आणि व्याह्यांच्या आंब्याच्या दोन पेट्या. एवढं लटांबर घेऊन यात्री निवासाच्या दारात गेलो. काउंटरवरच्या काकांनी पावती बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘ह्या महिन्यातले तुम्ही काय पहिलेच न्हाई.’ त्यांच्या डोक्यावर भिंतीला मराठीत, हिंदीत कागद चिकटवलेला: आमचं फोनवरून वा ऑनलाइन बुकिंग नाही. पंधरा मिनिटांवर होता तो कागद.

मागं सत्तावीस माणसं, व्याही, नवी सूनबाई. व्याही काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

शेवटी सगळे माझ्या दोन खोल्या-हॉलमध्ये. मंडपवाल्याकडनं वीस गाद्या, ५० रुपयांप्रमाणे दोन रात्रींचे २,०००, हेही त्याच खात्यात धरा. पुरुष मंडळी गच्चीवर. पहाटे चारपासून संडासापुढं रांग, आणि तात्यांना आमचा भारतीय पद्धतीचा. जोशीकाका रांगेत नंबर वाटत होते. पण त्या रात्री गच्चीवर भडंग, कांदा आणि आंबे खात जी हसाहशी झाली, ती आठ खोल्यांत विखुरलो असतो तर झाली नसती, हे आक्काचं म्हणणं. मला ते तेव्हा ऐकवत नव्हतं. रविवारी जोतिबावर आत्याचा नातू गर्दीत हरवला, सगळ्यांची पाचावर धारण बसली, आणि सापडला तो गुलाल-खोबऱ्याच्या दुकानापुढं, नखशिखान्त गुलाबी. सूनबाईनं त्याला उचलून ‘चांगभलं’ म्हटलं तेव्हा पहिल्यांदा व्याही मोकळं हसले.

आता तक्रारीचं ऐका. घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. ‘फोन कुठं आला? कंपनीत? मग हद्द तिकडची.’ तिकडं गेलो. ‘यात्री निवास कुठं आहे? मग तिकडची हद्द.’ अरे, यात्री निवासात गुन्हा झालाच नाही, ते बिचारे स्वतः वैतागलेत! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. हे मी म्हटल्यावर साहेब म्हणाले, ‘वकील आहात काय?’ नंतर जरा मायेनं, ‘एवढं वाचता, मग पिन कसा टाकला?’ शेजारच्या बाकावरचा माणूस हसला. तिथं बसलेल्या माणसाची कसली तक्रार होती कुणास ठाऊक.

बँकेत त्याहून वरताण. बाईंनी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही. ‘तुम्ही पिन स्वतः टाकलात.’ मान्य. पण पैसे ज्या खात्यात गेले ते खातं कुणीतरी कागद बघूनच उघडलं ना? त्याचं नाव मला दिसतं, तुम्हाला दिसतं, मग गोठवायला काय अडतं? ‘अर्ज द्या.’ दिला. त्यावर शिक्का मागितला तर शिक्का मारणारे जेवायला गेले होते. लेखी तक्रारीला बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान केलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. म्हणून पोच घेतल्याशिवाय हलू नका, शिक्केवाला जेवून येईपर्यंत बसा.

पण या सगळ्याच्या आधी १९३० लावा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. मी उलटं केलं, आधी पोलीस, मग बँक, मग १९३०. तिथं तक्रार नोंद होऊन क्रमांक मिळाला, पण तोवर पैसे पुढं सरकले होते. पहिले काही तास निघून गेले की रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जाते. फोन करताना प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. माझे तीन व्यवहार, म्हणजे तीन क्रमांक.

आणि मोठं कुटुंब घेऊन निघणाऱ्यांनो, सगळ्या खोल्या एका माणसाच्या डोक्यावर टाकू नका. टाकल्याच, तर दर तासाला ‘झालं का?’ विचारू नका. त्या गावात आपलं कुणी असेल तर त्याला गाडीवरून पाठवा, त्याची शिफ्ट असली तरी पाठवा. कुणी नसेल तर फोनवर दोन फालतू प्रश्न विचारा: समोर काय आहे, रिक्षावाल्याला काय सांगायचं. आणि उत्तर चुकलं तर पोरगं नवीन असेल म्हणून त्याला माफ करू नका.

नकाशावर नंबर कुणीही बदल सुचवून बदलू शकतं, हे मला नंतर कळलं. काल पुन्हा बघितलं, त्या यात्री निवासाच्या नावाखाली तोच नंबर आहे. मी चूक म्हणून कळवलंय, तिथल्या काकांनीही कळवलंय. लावून बघितला तर पहिल्या रिंगला उचलला. ‘कितने लोग हैं साब?’