हंगर गेम्स: 42 चिठ्ठ्यांचा हिशेब

आधी ‘हंगर गेम्स’ या कादंबरीच्या माझ्या प्रतीबद्दल सांगतो, कारण दुसरं वाचन तिच्यामुळेच घडलं. एका ऑनलाइन विक्रेत्यानं नवीन म्हणून पाठवलेली प्रत बनावट निघाली. कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं पुढे उमटायची, आणि शेवटचे दोन फर्मे बांधणीत नव्हतेच. नायिका कॅटनिस आणि तिचा साथीदार पीटा नाइटलॉकची विषारी फळं तोंडात टाकतात आणि तिथे पुस्तक बंद! तक्रार केली, तर परतीची मुदत उलटली म्हणे. शेवट गायब आहे हे कळायला आधीचं सगळं वाचून व्हावं लागतं, हे परोपरीनं समजावलं. उपयोग शून्य. अखेर चांगली प्रत दुकानातून घेतली. ज्या पुस्तकाचे दोनदा पैसे मोजले त्याची नुसती शेवटची दोन प्रकरणं वाचून ते कपाटात टाकणं जिवावर आलं, म्हणून पहिल्या ओळीपासून सुरू केलं. त्यालाही आता काही महिने झाले, आणि अजून ते अधूनमधून हातात येतंच.

पहिल्या वेळचं मत साधं होतं: वेगवान आहे, हातातून सुटत नाही, संपल्यावर विसरलं तरी चालेल. लेखिका सुझन कॉलिन्स आधी मुलांसाठी टीव्ही मालिका लिहायच्या, ते दिसतं. 27 प्रकरणं, आणि जवळपास प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडलंय की दिवा मालवता येत नाही. दुसऱ्या वाचनात ही युक्ती लागू पडत नाही. पुढचं माहीत असतं, त्यामुळे प्रकरणाच्या शेवटची धक्क्याची ओळ नुसतीच पडून राहते. आता यात वाचण्यासारखं काय उरणार, असं वाटत होतं. पण पहिल्याच प्रकरणात अडकलो, ते टेसेरामुळे.

गोष्टीतली राजधानी कॅपिटॉल दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडते आणि त्यांना रिंगणात मरेपर्यंत लढवते. त्या चिठ्ठ्यांमधला टेसेराचा नियम बहुतेकांनी ओझरता वाचलेला असतो. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. इथवर सगळे सारखे. पण घरात खायला नसेल तर जास्तीची चिठ्ठी टाकून टेसेरा घेता येतो: एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल इतकं धान्य आणि तेल. घरातल्या प्रत्येकासाठी एकेक घेता येतो, आणि एकदा टाकलेली चिठ्ठी पुढच्या वर्षी काढून घेत नाहीत, ती साठत जाते. मी पेन्सिल घेऊन मांडून बघितलं. कॅटनिस, आई आणि धाकटी बहीण प्रिम, म्हणजे वर्षाला तीन जास्तीच्या. बारा ते सोळा ही पाच वर्षं: पंधरा, अधिक सक्तीच्या पाच, एकूण 20. तिचा मित्र गेल, त्याच्या घरात खाणारी तोंडं पाच, बारा ते अठरा ही सात वर्षं: पस्तीस अधिक सात, 42. पुस्तकात नेमके हेच आकडे आहेत. अशा कादंबऱ्यांत सत्तेचे नियम बऱ्याचदा मोघम ठेवलेले असतात. इथे बाईंनी हिशेब चोख ठेवलाय, आणि मला त्याचं फार अप्रूप आहे. गेलनं घेतलेलं धान्य आई-भावंडांच्या पोटात कधीच जिरून गेलं, चिठ्ठ्या मात्र काचेच्या गोळ्यात तशाच आहेत. हे वाक्य पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, बेरीज केली की आपलं आपल्याला दिसतं. 2012 च्या चित्रपटात ही गोष्ट जेमतेम स्पर्शून जाते.

माझी तक्रार होती ती पुढच्या पानांवर. एवढी काटेकोर बेरीज मांडल्यावर नाव निघतं कुणाचं, तर प्रिमचं, जिची हजारोंत एकच चिठ्ठी. तिच्या जागी मग कॅटनिस स्वतः रिंगणात जाते. कथा पुढे ढकलायला लेखिकेनं स्वतःचाच हिशेब मोडला, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. पहिली दोन प्रकरणं पुन्हा वाचताना ते मत बदललं. प्रिमनं टेसेरा घ्यायचा नाही, हा कॅटनिसचा निर्णय असतो. स्वतःच्या 20 होऊ देऊन तिनं बहिणीची चिठ्ठी एकावर रोखून धरलेली असते. माणसाला नियमात राहून जेवढं करता येईल तेवढं सगळं तिनं करून ठेवलेलं असतं. त्या विसांतली एक वर आली असती तर ती गरिबीची किंमत ठरली असती. प्रिमची एक वर येते तेव्हा कळतं की कॅपिटॉलचे नियम पाळून कुणालाच वाचवता येत नाही. आता मला दुसरं कुठलंही नाव तिथे चालणार नाही.

गेलचंही तसंच. टेसेरा म्हणजे खाणीतले उपाशी आणि रात्रीच्या जेवणाची ददात नसलेले यांच्यात वैर पेरायचं साधन, हे तो स्वतः जंगलात बोलून दाखवत असतो. तरी महापौरांच्या मुलीवर, मॅजवर, तिच्या नावाच्या फार तर पाच चिठ्ठ्या असतील म्हणून, तोच डाफरतो. सगळं कळत असूनही राग जवळच्याच माणसावर निघतो. किशोरांसाठीच्या पुस्तकात इतकं खरं लिहिलेलं मला क्वचित सापडलंय.

रिंगणातली हाणामारी मी आता भराभर उलटतो. पाण्याची पानं मात्र सावकाश वाचतो. नारिंगी पिशवीत जवळपास दोन लिटरची बाटली मिळते, पूर्ण कोरडी. तिचा मार्गदर्शक हेमिच बाहेरून पाणी पाठवत नाही, तेव्हा कॅटनिस त्या न पाठवण्याचाच अर्थ लावते: पाणी जवळच असणार. चिखलात कोसळल्यावर तळं सापडतं, आणि तरी ती लगेच पीत नाही. आयोडीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबते. जीव वाचवण्याच्या गोष्टीत असा अर्धा तास कुणी लिहीत नाही. आणि रिंगणातली तिची छोटी सोबतीण रू मेल्यावर रूच्या डिस्ट्रिक्ट 11 नं पाठवलेला पाव! तिथल्या भुकेल्या लोकांनी तो कशाकशाला मुरड घालून पाठवला असेल, हा विचार टेसेराची बेरीज डोक्यात असल्याशिवाय पुरता पोचत नाही.

न आवडलेलंही सांगतो. शेवटी येणारे ते लांडग्यासारखे प्राणी, मेलेल्या स्पर्धकांचे डोळे लावलेले, मला अजिबात पटत नाहीत. डोळे खरंच त्यांचे की नुसते तसे बनवलेले, हे उलगडतही नाही. बाकी सगळी क्रूरता हिशेबी आणि सरकारी आहे. कॅटनिसच्या डिस्ट्रिक्ट 12 मध्ये भुकेनं मेलेल्याच्या नावापुढे फ्लू नाहीतर न्यूमोनिया लिहितात, ते मला त्या प्राण्यांपेक्षा कितीतरी भयंकर वाटतं. पीटा की गेल ही ओढाताण पहिल्या भागात सुसह्य आहे, कारण कॅमेऱ्यासमोरचं प्रेम हेही जगण्याचं साधन असतं. पुढे ती लांबते.

संच घ्यावा का? 2009 चा दुसरा भाग पुन्हा रिंगणात नेतो, 2010 चा तिसरा युद्धात. हे दोन्ही मी वाचनालयातून आणून वाचले आणि तेवढं पुरे झालं. तिसऱ्यात प्रिमचं जे होतं ते ती एक चिठ्ठी लक्षात ठेवून वाचा, नाहीतर घाईत उरकल्यासारखं वाटेल. पहिला भाग मात्र विकतच घ्या, आणि समास मोकळा असलेली आवृत्ती बघा. पहिल्या दोन प्रकरणांत पेन्सिलीनं आकडे मांडायला जागा लागते, आणि वाचनालयाच्या पुस्तकात ते करता येत नाही.