टू नोट्स टॉर्पेडो कॅप्टर: फ्लॅटमध्ये ट्यूब ॲम्पचं बिनआवाजी रेकॉर्डिंग

पॉवर ट्यूब ताणल्याशिवाय ट्यूब ॲम्प खुलत नाही, आणि १५ वॅटचा ॲम्प ताणला की नागपूरच्या मनीषनगरमधल्या फ्लॅटमध्ये वरचे-खालचे दोन्ही शेजारी दाराशी येतात. कॅप्टर हा लोडबॉक्स ही अडचण सोडवतो. ॲम्पला तो स्पीकरसारखा भार देतो, शक्ती उष्णतेत घालवतो आणि रेकॉर्डिंगसाठी लाइन सिग्नल काढून देतो. क्षमता १०० वॅट.

त्याचा मोठा गुण म्हणजे लोड रिॲक्टिव्ह आहे. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी खालच्या रेझोनन्सपाशी आणि वर ट्रेबलकडे त्याचा इम्पिडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा अडथळा) चढतो, आणि ट्यूब ॲम्पचा आवाज त्या चढावर अवलंबून असतो. नुसता रेझिस्टर लावलेल्या स्वस्त डब्यात हे होत नाही. बेस आखडतो, वरची चमक जाते.

विकत घेताना आधी ॲम्पची मागची पट्टी वाचा. कॅप्टर ४, ८ आणि १६ ओहमचा वेगवेगळा मिळतो, नंतर बदलता येत नाही. फेंडर ब्लूज ज्युनियरसारख्या कॉम्बोला (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) ८ ओहमचाच हवा.

जोडणी ॲम्प बंद असतानाच करा. कॉम्बोच्या स्पीकरची पिन काढून तिथून कॅप्टरच्या स्पीकर इनपर्यंत स्पीकर केबल लावा. गिटारची केबल इथे चालणार नाही. तिची आतली तार बारीक असते, तापते आणि तुटली की ॲम्प लोडशिवाय राहतो. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं, ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते, वाइंडिंगचं इन्सुलेशन जातं. १४ गेजची दोन तारी केबल आणि दोन चांगल्या धातूच्या पी-३८ (पाव इंची मोनो) पिना आणल्या तर ती घरीच डाग देऊन बनते. लांबी एक मीटर पुरे.

कॅप्टरचा लाइन आउट ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा) लाइन इनपुटला द्या, माइकच्या इनपुटला नको. या सिग्नलवर कॅबिनेटचा रंग नसतो, म्हणून थेट ऐकला तर माशी गुणगुणावी तसा कर्कश वाटतो. सॉफ्टवेअरमध्ये आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाची डिजिटल छाप) लावला की गिटार जागेवर येते. कॅप्टरच्या दुसऱ्या, डीआय आउटवर मात्र ॲनालॉग कॅब सिम्युलेशन (कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल) आहे. त्यावर पुन्हा आयआर चढवला तर आवाज गोधडीखाली जातो. दोन्हींपैकी एकच ठेवा. सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज साठवून पुढे देण्याचा तुकडा) १२८ सॅम्पल आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवला तर बफरचा उशीर एका दिशेला सुमारे २.७ मिलिसेकंद, हाताला जाणवत नाही.

कॅप्टरमधल्या, स्पीकरचा आवाज कमी करणाऱ्या २० डीबी ॲटेन्युएटरवर भुलू नका. २० डीबी म्हणजे शंभरावा भाग. १५ वॅटचे ०.१५ वॅट उरतात. पण ९८ डीबी संवेदनशीलतेच्या स्पीकरमधून एक मीटरवर तेही साधारण ९० डीबी भरतात. दुपारी ठीक, रात्री नाही. रात्री हेडफोन इंटरफेसलाच लावायचा, कारण कॅप्टरवर हेडफोनचं भोक नाही. ही खरी उणीव आहे.

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवून वाजवणं अशक्य. माइकच नसल्यामुळे कूलरची घरघर रेकॉर्ड होत नाही, हा इथल्यासाठी मोठाच फायदा. पण सिंगल कॉइल पिकअप कूलरच्या मोटरची गुणगुण ओढतात आणि पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची चरचरही. गिटार तोंड फिरवून धरा, पंखा पूर्ण वेगावर ठेवा किंवा बंद करा. कूलरची ओली हवा तापलेल्या ट्यूबवर येऊ देऊ नका, आणि कॅप्टरच्या जाळ्या मोकळ्या राहू द्या.

हम (विजेची सततची गुणगुण) आला तर ॲम्प आणि इंटरफेस एकाच बोर्डावर घ्या. तरी राहिला तर लाइनवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. ॲम्पची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. आत शेकडो व्होल्ट डीसी असतात.

आणि आवाज नाही म्हणून ॲम्प विश्रांती घेतोय असं समजू नका. व्हॉल्यूम ८ वर असेल तर पॉवर ट्यूब तेवढ्याच झिजतात. रेकॉर्डिंगला ८ ओहमच्या १५-२० वॅट ॲम्पवाल्याने कॅप्टर डोळे मिटून घ्यावा. ज्याला फक्त हेडफोनवर सराव करायचा आहे त्याने थोडे पैसे साठवून हेडफोनचं भोक असलेला कॅप्टर एक्स बघावा.