विधानसभेचा उमेदवार निवडताना: कोकणातली दोन प्रचारपत्रकं शेजारी ठेवून

निवडणुकीच्या पंधरवड्यात घरात येणाऱ्या प्रचारपत्रकांचे रंग वेगळे असले, तरी आतला मजकूर साधारण दोनच तऱ्हांचा असतो. पहिल्या तऱ्हेत कामांची यादी असते: अमुक वाडीचा रस्ता, देवळापुढचा सभामंडप, साकव, जेटी, स्मशानशेड. दुसऱ्या तऱ्हेत कामं थोडी आणि प्रश्न जास्त: पाण्याचा उद्भव (झरा, विहीर, नदी असा मूळ स्रोत), बेकायदा मासेमारी, खारबंदिस्ती (भरतीचं पाणी शेतात शिरू न देणारे बांध), रुग्णालयातली रिक्त पदं. पहिलं पत्रक लोकांना पटकन भावतं, कारण त्यात आपल्या वाडीचं नाव सापडतं. दुसरं भाषणासारखं वाटतं आणि बाजूला पडतं.

आमचं मत आधीच सांगतो. रस्ता-साकव हवा असेल तर पहिलं पत्रक चालेल. पाणी आणि मासेमारी यांत मात्र दुसरंच सरस, आणि महामार्गाच्या बाबतीत दोन्ही सारखीच निरुपयोगी.

पैसा येतो कुठून

महाराष्ट्रात आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये आहे. दोनशे गावांचा मतदारसंघ धरा, गावामागे अडीच लाख पडतात. कोकणातलं गाव म्हणजे दहा-बारा वाड्या. अडीच लाखांत त्यातल्या एकाही वाडीचा सभामंडप उभा राहत नाही. म्हणजे यादीतली बहुतेक कामं या निधीतून व्हायचीच नसतात. ती २५१५ (गावातली कामं) किंवा ३०५४-५०५४ (रस्ते-पूल) या सरकारी खर्चाच्या लेखाशीर्षांखाली किंवा जिल्हा नियोजन समितीतून येतात, आणि त्या समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो.

म्हणून पहिल्या पत्रकाच्या उमेदवाराला एकच प्रश्न पुरतो: काम कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे? पाठोपाठ टप्पा विचारावा. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश असा क्रम असतो. पत्रकात ‘मंजूर’ छापलेलं असतं तेव्हा बऱ्याचदा फक्त पहिला टप्पा झालेला असतो. नारळ फुटतो, खडी पडते, पण त्या वर्षीची तरतूद अंदाजपत्रकाच्या मानाने चिमूटभर असते. बिल थकलं की ठेकेदार हात आखडता घेतो आणि पावसाळ्यात खडी गटारात जाते. प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि तारीख ज्याला सांगता येते, त्याची यादी खरी धरावी.

पाणी: इथे फरक सर्वांत मोठा

तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतो, याचं कारण जमिनीखाली आहे. जांभ्यातून पाणी झरझर खाली उतरतं, उताराच्या पायथ्याशी झऱ्यातून बाहेर पडतं आणि पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीला मिळतं. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, विंधन विहीर मारली तर ती जांभा ओलांडून काळ्या कातळात जाते आणि पुष्कळदा कोरडी लागते.

पहिलं पत्रक म्हणतं, ‘घरोघरी नळ.’ जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. चारशे माणसांच्या वाडीला दिवसाला २२,००० लिटर लागतात, म्हणजे चोवीस तास, मिनिटाला सुमारे १५ लिटर. झऱ्याच्या तोंडाशी पंधरा लिटरची बादली धरली, तर ती मिनिटात भरली पाहिजे, आणि तीही मेच्या तिसऱ्या आठवड्यात. योजना फसतात त्या इथे. उद्भव मोजला जातो डिसेंबरात, नळ टाकले जातात मार्चमध्ये आणि मेमध्ये टाकी रिकामी. किनाऱ्यालगतच्या गावात याच्या जोडीला दुसरं दुखणं असतं. विहिरीवर जास्त ताकदीचा पंप बसवला की गोडं पाणी उपसलं जातं आणि खालून मचूळ पाणी वर येतं. एकदा खारावलेली विहीर पंप बंद केला तरी लगेच सुधारत नाही.

दुसरं पत्रक उद्भव बळकटीकरणाबद्दल बोलतं. ते खरंच अभ्यासून लिहिलंय की शब्द उचललाय, हे ओळखायला तीन गोष्टी पाहाव्यात. एक, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून उन्हाळ्यातलं माप घेण्याची भाषा आहे का. दोन, वनराई बंधाऱ्यांची वेळ दिलीय का. सिमेंटच्या रिकाम्या गोणी भरून घातलेला हा बंधारा पाऊस ओसरताच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात घातला तर उपयोगी. जानेवारीतल्या फोटोत दिसणारा बंधारा अडवणार काय, धार तेव्हा निम्म्यावर आलेली असते. तीन, वीजबिल कोण भरणार हे लिहिलंय का. नदीतून सड्यावर पाणी चढवणारी योजना पाण्याअभावी बंद पडते त्यापेक्षा थकबाकीमुळे वीज तुटून बंद पडते हे गावोगाव दिसतं. वरच्या झऱ्यावरून नैसर्गिक उताराने येणारी लहान योजना दिसायला किरकोळ, पण पंप नाही आणि बिलही नाही.

चिपळूण पट्ट्यात आणखी एक आश्वासन दर निवडणुकीला येतं: कोयनेचं अवजल. वीज तयार झाल्यावर हे पाणी वाशिष्ठीतून समुद्राला जातं, ते गावांना द्यायचं. कल्पना चांगली आहे, पण राज्य पातळीच्या खर्चाची. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर त्याच नदीकाठच्या लोकांना त्याहून जवळचा प्रश्न गाळाचा आणि पूररेषांचा आहे. नदीलगतच्या निळ्या पूररेषेच्या आत घर असेल तर दुरुस्तीपासून कर्जापर्यंत सगळं अडतं. त्यावर उमेदवार काय म्हणतो ते आधी वाचावं.

बंदर आणि मासेमारी

पहिल्या पत्रकात जेटी असते, धूपप्रतिबंधक बंधारा असतो. दोन्ही दगड-काँक्रीटची कामं, उद्घाटनाला सोयीची. जेटीबद्दल विचारायचं ते असं: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पूर्ण ओहोटी लागते, तेव्हा धक्क्याला किती पाणी उरतं? खाडीच्या तोंडाशी गाळ दरवर्षी भरतो. तो काढायची तरतूद नसेल तर होडी भरतीची वाट पाहत बाहेर उभी राहते, बर्फ वितळतो आणि मासळीचा भाव पडतो. बंधाऱ्याची गोष्ट याहून नाजूक आहे. मोठमोठे दगड टाकले की समोरची धूप थांबते, पण लाटांचा जोर शेजारच्या पुळणीवर जातो. शिवाय रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला मोकळी वाळू लागते. दगडांच्या उतारावर ना रापण ओढता येत, ना होडी वर घेता येत. मालवण-वेंगुर्ल्याच्या रापणकरांच्या गावात बंधाऱ्याचं आश्वासन म्हणजे कुणाची घरं वाचणार आणि कुणाचा धंदा जाणार, हे आधी ठरवायला हवं.

दुसरं पत्रक नियमांबद्दल असतं, आणि आमदाराचं खरं काम तिथेच आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या कायद्याखाली येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी. एलईडी दिव्यांनी मासेमारीला मनाई. १९८१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड वाढले आणि सुनावणीचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे आले. तेव्हा ‘कडक कायदा आणू’ म्हणणारा उमेदवार जुनी गोष्ट सांगतोय. कमी आहेत त्या गस्ती नौका, रात्री बाहेर पडणारी माणसं आणि वेळेवर निकाली निघणारी प्रकरणं. यासाठी तरतूद मागणं, किती नौका पकडल्या आणि किती दंड वसूल झाला असा तारांकित प्रश्न टाकणं, हे आमदाराला जमतं.

‘मासेमारीला शेतीचा दर्जा मिळवून देऊ’ हेही आता शिळं आश्वासन. राज्य मंत्रिमंडळाने तो निर्णय एप्रिल २०२५ मध्ये घेतला. पुढचा प्रश्न असा की बर्फ कारखान्याच्या वीजदरात आणि मच्छीमाराच्या कर्जाच्या व्याजात त्याचा परिणाम दिसला का.

खारजमिनी

पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात मताचा निर्णय या एका मुद्द्यावर व्हायला हरकत नाही. बांधात खेकड्यांची बिळं पडतात, उधाणाचं पाणी त्यातून झिरपतं आणि एका रात्री बांध फुटून खांड पडते. ती पुढच्या उधाणाच्या आत बुजवली तर नुकसान एका हंगामाचं. राहिली तर भातखाचरात खारं पाणी खेळू लागतं, मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात आणि मधल्या काळात कांदळवन उगवलं तर बांध घालायचीच परवानगी अवघड होते. म्हणून ‘नुकसानभरपाई मिळवून देऊ’ यापेक्षा ‘खांडीसाठी तातडीचा निधी आणि उघाड्यांची (बांधातून पाणी सोडायच्या दारांची) झडपं पावसाळ्याआधी दुरुस्त’ हे आश्वासन कितीतरी मोलाचं. बांध सरकारी योजनेतला की खाजगी, हेही विचारावं. खाजगी बांधाकडे खातं सहसा बघत नाही.

बाकीचं थोडक्यात

मुंबई-गोवा महामार्ग केंद्राचा, कोकण रेल्वे स्वतंत्र महामंडळाची. आमदार पत्र देऊ शकतो, तारीख देऊ शकत नाही. सेवा रस्ता, गावाजवळचा भुयारी मार्ग आणि भूसंपादनाचा थकलेला मोबदला यांबद्दल मात्र त्याला बोलता येतं.

आरोग्यात इमारत पाहू नये. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली, तरी तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसेल तर अडलेली बाळंतीण पुढेच पाठवली जाते. पत्रकात पदांची नावं असतील तर ते वाचण्याजोगं.

जमिनीबाबत सिंधुदुर्गात आंबोली, गेळे, चौकुळचा कबुलायतदार गावकार प्रश्न (गावाच्या सामाईक जमिनी कुणाच्या नावावर) आणि एकूणच वनसंज्ञेचा (खाजगी जमिनींवर पडलेल्या ‘वन’ नोंदीचा) घोळ महसूल-वन खात्यांच्या निर्णयावर अडतो. तिथे पहिल्या तऱ्हेच्या पत्रकाला सांगण्यासारखं काहीच नसतं. जैतापूर किंवा बारसूसारख्या प्रकल्पांवर ‘आम्ही जनभावनेसोबत’ हे वाक्य दोन्ही बाजूंना विकता येतं, त्याला शून्य गुण द्यावेत. एमआयडीसीमार्फत संपादन होतं तेव्हा १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली कलम ३२(२) ची नोटीस येते आणि हरकत तेव्हाच नोंदवायची असते. त्या टप्प्यावर तो काय करणार, हे लेखी मागावं.

उमेदवार आधी आमदार राहिलेला असेल तर पडताळणी सोपी. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाजाची नोंद असते. पाणी, मासेमारी, खारभूमी यांवर त्याचे प्रश्न आणि लक्षवेधी सूचना किती, ते पाहावं. नवखा असेल तर जिल्हा परिषद, मच्छीमार सोसायटी किंवा ग्रामपंचायतीतला त्याचा कारभार बघावा: पाणीपट्टीची वसुली किती होती, सोसायटीच्या डिझेल परताव्याचे प्रस्ताव वेळेत गेले होते का. आणि सभेत त्याला मघाचाच प्रश्न, मेमधल्या झऱ्याच्या मापाचा, एकदा विचारून घ्यावा.