डबल दिसण्यावर डोळ्यातलं बोटॉक्स इंजेक्शन: बाबांचा अनुभव

बाबा ६४ वर्षांचे, शुगर जुनी. एक दिवस सकाळी उठले आणि सगळं डबल, चहा ओतायला गेले तर अख्खा ओट्यावर, कारण त्यांना कप दोन दिसत होते. डावा डोळा नाकाकडे वळलेला, बाहेर जातच नव्हता. एमआरआय नॉर्मल आला, निदान झालं सहाव्या नसेची पाल्सी, म्हणजे डोळा बाहेर वळवणारी नस लुळी पडणं, शुगरमुळे.

शुगरवाल्यांमध्ये ही नस बरेचदा तीन ते सहा महिन्यांत आपोआप सुधारते, म्हणून आधी तीन महिने डोळ्यावर पट्टी लावून वाट बघितली. काहीच फरक नाही. मग पुण्यातल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात बोटॉक्स सुचवलं. आईला वाटलं हे सुरकुत्या घालवायचं काहीतरी, पण हे औषध आधी डोळ्यांसाठीच आलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अॅलन स्कॉटनी तिरळेपणासाठी वापरलं आणि अमेरिकेत १९८९ ला त्याला मान्यता मिळाली, सुरकुत्यांची मान्यता तर २००२ ची.

डॉक्टरांनी फार छान समजावलं, त्यांना पैकीच्या पैकी. डोळ्याचे दोन स्नायू म्हणजे रस्सीखेच, बाहेरचा लुळा पडला की आतला ओढतच राहतो आणि हळूहळू आखडतो. इंजेक्शन त्या आतल्या, धडधाकट स्नायूत देतात, तो सुस्तावला की डोळा मध्ये येतो. नस यातून बरी होत नाही, तिला फक्त वेळ मिळतो. हे आधी कळलं म्हणून आमच्या अपेक्षा ताळ्यावर राहिल्या.

इंजेक्शनला भूल फक्त थेंबांची. कपाळाला वायर, बाजूला मशीन, बाबांना उजवीकडे बघायला सांगितलं की मशीनची खरखर वाढायची आणि त्यावरून सुई बरोबर स्नायूत आहे हे डॉक्टरांना कळायचं. डोस अडीच युनिट. बाबा म्हणाले दाब जाणवला, दुखलं नाही.

तक्रार एकच पण मोठी. चौथ्या दिवशी वरची पापणी खाली आली, अर्धा डोळा बंद! आई रडायला लागली, हॉस्पिटलचा फोन दोन दिवस कोणी उचलला नाही. नंतर कळलं की असं होऊ शकतं आणि काही आठवड्यांत जातं, आमचं गेलंही. पण ते सहीच्या इंग्रजी कागदात बारीक अक्षरात होतं, काउंटरवर मराठीत एक वाक्य सांगितलं असतं तर ते दोन दिवस असे गेले नसते. तुम्ही जाल तेव्हा स्वतःहून विचारा. खर्चाचंही विचारा, बाटली १०० युनिटची येते आणि आपल्याला लागतं थोडंसंच, म्हणून काही ठिकाणी एकाच दिवशी बरेच पेशंट बोलावतात, तसं आहे का बघा.

आता चार महिने झालेत. औषधाचा असर साधारण तीन महिन्यांचा, तो ओसरला तरी डोळा सरळ आहे म्हणजे नस जागी झालीये असं डॉक्टर म्हणाले. समोरचं सगळं एकच दिसतं, पेपर वाचतात, टीव्ही बघतात. एकदम डावीकडे बघितलं की अजून डबल होतं, त्यामुळे स्कूटरची चावी सध्या माझ्याकडेच आहे.