घरी केलेला बंब : आठ महिन्यांनंतर

बंब चालतो. रोज पेटतो आणि 60 लिटर पाणी तापवतो. पण बनवताना ज्या गोष्टींवर डोकं खपवलं त्या किरकोळ निघाल्या, आणि जिकडे लक्षच दिलं नव्हतं तिथे खरा खेळ होता.

रचना नेहमीचीच. 3 मिलिमीटर पत्र्याचं पिंप, मधून धुराड्यापर्यंत गेलेली 4 इंची नळी, खाली जाळी आणि राखेचा खण. मी सगळा वेळ जाळाच्या कप्प्यावर घालवला: दार केवढं, हवा कुठून. जाळ झकास लागायचा, तरी रोज 3 किलो सरपण खायचा. मग हिशेब मांडला. 60 लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला 2400 किलोकॅलरी लागतात, वाळक्या लाकडात किलोमागे साधारण 3500 असतात. म्हणजे पाऊण किलोत काम व्हायला हवं! बाकीची उष्णता जात कुठे होती, ते धुराड्याच्या तोंडाशी हात नेल्यावर कळलं. निम्मा जाळ आकाश तापवत होता.

उपाय फुकटातला. लोखंडी पट्टीला पीळ देऊन ती नळीत वरून सोडली. धूर सरळ न सुटता गोल फिरत, नळीला घासत वर जातो. आता 2 किलोत भागतं. मात्र पट्टीवर काजळी धरते, पंधरवड्याला काढून खरवडावी लागते. पेटवताना आधी बारीक ढलप्यांचा जाळ करून धुराडं तापवून घ्यायचं, नाहीतर धूर दारातून तोंडावर येतो.

दुसरी गोष्ट तोटीची, आणि इथे कुणी हयगय करू नये. माझ्या बंबात तोटी फक्त थंड पाण्याच्या बाजूला आहे. थंड पाणी तळाशी शिरतं, गरम पाणी वरच्या उघड्या नळीतून ढकललं जातं. त्यामुळे टाकी कधी रिकामी राहत नाही आणि वाफेला वाट कायम मोकळी असते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपटीहून जास्त जागा मागते. बंद टाकीत तो बंब नसतो, बॉम्ब असतो. जाळ जास्त झाला तर उघडी नळी उकळतं पाणी थुंकते, म्हणून तिचं तोंड खाली आणि वाटेपासून लांब ठेवलंय.

या नळीने मला फसवलंही. पाणी तापताना ठिबक सुरू झाली, मी वेल्डिंगला शिव्या घातल्या. पाणी फुगतं हो! 20 अंशांवरून 70 वर जाताना 60 लिटरमागे सव्वा लिटर बाहेर येतंच. आता खाली बादली असते. पेटवल्यावर पहिली काही मिनिटं खालून टपटपतं तीही गळती नव्हे. थंड पत्र्यावर धुरातली वाफ जमते.

ओलं लाकूड मात्र घालू नका. धुराड्यात डांबरासारखा चिकट थर बसतो आणि तो पेटतोसुद्धा. जस्त चढवलेली नळी जाळात नको, तिचा धूर विषारी. बंब उघड्यावरच ठेवा, बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

चुकलं ते तळात. क्षारांचा थर साचलाय, पाणी तापताना कडकड वाजतं आणि हात घालायला जागाच नाही. राखही मी रात्रभर तशीच ठेवायचो. ओल लागून खणाचा पत्रा गंजला. येत्या सुट्टीत खण बदलतोय, आणि टाकीच्या बुडाशी साफसफाईसाठी झाकणाचं भोक पाडून घेतोय.