डीजे मिक्स ऐकायचा कुठे : रेडिओवर की अपलोड केलेला?

डीजेने गाण्यात गाणे मिसळून वाजवलेला दोन तासांचा सलग मिक्स मन लावून ऐकणाऱ्यांपुढे, निदान ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्यांपुढे, आता दोनच मार्ग उरले आहेत. संगीत रेडिओवर अजून तग धरून असलेले मिक्सचे मोजके कार्यक्रम ऐकायचे, किंवा डीजेंनी आणि त्यांच्या चाहत्यांनी इंटरनेटवर टाकलेले मिक्स शोधून काढायचे. दोन्हींचा मी बरीच वर्षे वापर केला आहे आणि अखेर एकाकडे अधिक झुकलो आहे. मात्र ज्याची ऐकण्याची वेळ आणि रीत वेगळी, त्याचा कौलही वेगळा असू शकतो.

रेडिओची बाजू पडती आहे, हे आधीच मान्य करायला हवे. लंडनचे किस हे केंद्र १९८५ मध्ये विनापरवाना सुरू झाले, १९९० मध्ये अधिकृत झाले आणि क्लबांतले डीजे त्याने घराघरांत पोहोचवले. डीजे जॉन डिगवीड यांचा ‘ट्रान्झिशन्स’ हा साप्ताहिक कार्यक्रमही २००० मध्ये तिथेच सुरू झाला. तेच किस २०२४ च्या अखेरीस एफएमवरून उतरले. व्यावसायिक केंद्राची मिळकत श्रोत्यांच्या संख्येवर ठरते आणि सहज रेडिओ लावणाऱ्याला ओळखीचे गाणे लगेच हवे असते. सात-सात मिनिटे सावकाश चढत जाणाऱ्या तालापाशी तो थांबत नाही. म्हणून मिक्सला आधी उशिराची वेळ मिळते, मग आणखी उशिराची, आणि जे थोडे लोक त्यासाठी जागत असत, तेही एव्हाना इंटरनेटकडे वळलेले असतात.

अपलोड केलेल्या मिक्सचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. विविधता अफाट आहे, वेळेचे बंधन नाही आणि मिक्सक्लाउडसारख्या २००८ पासूनच्या सेवेने हक्कधारकांशी करार केलेले असल्यामुळे तिथे मिक्स टाकणाऱ्याला चोरटेपणाची भावना बाळगावी लागत नाही. जुने काही ऐकायचे असेल तर रेडिओचा उपयोगच नाही. डीजे पॉल ओकनफोल्ड यांचा ‘गोवा मिक्स’ बीबीसीच्या रेडिओ वन केंद्रावरच्या ‘इसेन्शियल मिक्स’ या कार्यक्रमात १८ डिसेंबर १९९४ रोजी प्रसारित झाला, आपल्या शेजारच्या किनाऱ्यांवरच्या रात्रींचे नाव त्याला मिळाले आहे आणि आज तो ऐकायचा तर अपलोडच शोधावा लागतो. (त्या काळी तो कॅसेटवर उतरवून घेणेही सोपे नव्हते. कार्यक्रम दोन तासांचा, नेहमीची कॅसेट नव्वद मिनिटांची; बाजू उलटेपर्यंत मधला तुकडा हातचा जाणारच.)

माझा निर्णय रेडिओच्या बाजूने ज्या त्रासामुळे झाला, तो कोणाला क्षुल्लक वाटेल. मिक्समधली गाणी दुसऱ्यांची असतात. डीजेचे स्वतःचे म्हणावे असे जे असते, ते बरेचसे दोन गाण्यांच्या सांध्यात असते. एका गाण्याचा खालचा सूर हळूहळू काढून घेऊन त्या जागी दुसऱ्याचा बसवायला तो दीड-दोन मिनिटे घेतो आणि कान तिथेच लागलेला असतो. मी फुकट ऐकत असे त्या सेवेवर जाहिरात बहुधा नेमकी तिथेच येई. कणकेने भरलेल्या हातांनी ओट्यापाशी उभा असताना, पहिल्या गाण्याची झांज विरून दुसऱ्याचा ढोल लागणार, एवढ्यात गाडीच्या विम्याची उत्साही बाई बोलू लागली, की फोनला हातही लावता येत नाही आणि राग गिळावा लागतो. तिचे बोलणे संपेपर्यंत सांध्याची गोडी गेलेली असते. जाहिराती मुद्दाम तिथे घातल्या जात असतील असे मला वाटत नाही; पण दीर्घ मिक्समध्ये सांधेच इतके असतात, की कुठेही घातली तरी जाहिरात एखाद्यावर पडतेच.

यावर पैसे भरण्याचा उपाय आहे आणि मी तो करून पाहिला. जाहिराती गेल्या, हे खरे. परंतु ज्या सेवेचे पैसे भरले, तिथे मिक्स गाण्यांच्या तुकड्यांत कापून मांडलेला होता, त्यामुळे माझ्या जुन्या स्पीकरवर प्रत्येक तुकड्याच्या शेवटी निमिषभर शांतता पडे. ज्यांच्याकडे चांगली साधने आहेत, त्यांना हे कदाचित जाणवणार नाही. मला मात्र एकदा जाणवल्यावर दुसरे काही ऐकूच येईना.

रेडिओवर हा त्रास नाही. ‘इसेन्शियल मिक्स’ ३० ऑक्टोबर १९९३ पासून पीट टाँग सादर करीत आहेत, बीबीसीवर व्यावसायिक जाहिराती नाहीत आणि मिक्स सुरू झाला की सहसा तो संपेपर्यंत अखंड चालतो. उणिवा आहेतच. वेळ झोपेची आहे, आणि नंतर ऐकायचे म्हटले तर कार्यक्रम साधारण तीस दिवसच उपलब्ध राहतो. ही मुदत मला फारशी खटकत नाही, कारण ती आधीच सांगितलेली असते; इंटरनेटवर जपून ठेवलेल्या माझ्या यादीतले मिक्स मात्र न सांगता नाहीसे झाले आहेत. शिवाय या आठवड्यात कोणाला ऐकायचे हे कोणी जाणकाराने ठरवलेले असते, त्यामुळे ज्यांना मी आपणहून कधीच शोधले नसते, असे डीजेही कानावर पडतात.

महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून ऐकणाऱ्यांचा हिशेब निराळा आहे. बीबीसीचे कार्यक्रम ऐकण्याचे ॲप बीबीसी साउंड्स जुलै २०२५ पासून ब्रिटनबाहेर बंद झाले आहे, आणि आपल्याकडच्या खाजगी एफएमवर मिक्स म्हणजे बहुतेक वेळा हिंदी चित्रपटगीतांचे रीमिक्स. तेव्हा तिथल्या वाचकांनी आधी मिक्सक्लाउडकडे वळणे स्वाभाविक आहे. तरीही माझी सूचना अशी, की त्याआधी एनटीएस हे लंडनचे, २०११ मध्ये सुरू झालेले इंटरनेट केंद्र लावून पाहावे. ते जाहिरातींशिवाय चालते, जुने कार्यक्रमही तिथे फुकट ऐकता येतात, आणि लंडनच्या संध्याकाळचे कार्यक्रम आपल्याकडे रात्री लागतात.